विमान करून दाखव

"बघ गो, सगळां बरोबर आसा मां? तुका कळता हेच्यातला," म्हणत सुदेशने ते खेळणं माझ्या तळहातावर ठेवलं.

मी मुळगावला मावशीच्या घरी सोप्यावर बसले होते. पेडण्याहून म्हापसा, म्हापशाहून डिचोली, तिथून मला न्यायला मावशीचा मुलगा सुदेश मोटारसायकल घेऊन आला होता. मावशीच्या यजमानांना, काकांना, अर्धांगाचा झटका येऊन गेला होता आणि बघायला जायचं राहून राहून शेवटी मी गेले होते. काका समोरच खुर्चीत होते, दोन्ही बाजूंना उशा लावून बसवलेले. उजवा हात मांडीवर पडलेला, दुसरं कुणीतरी विसरून गेल्यासारखा. आतून भाकरी भाजल्याचा वास येत होता. भिंतीवर मावशीच्या फोटोला अबोलीचा वळेसर होता.

मी खेळणं उलटंपालटं करून पाहिलं. मूठभर उंचीचा राखाडी माणूस, हात आणि पाय लाल. छाती धातूची, म्हणून आकाराच्या मानाने जड. छातीवरचं पिवळं चिन्ह अर्धं उडालेलं. पाठीमागचे स्क्रू गंजलेले आणि गुडघ्यांच्या सांध्यांत खनिजाची तांबडी धूळ. ती धूळ या गावातल्या कुठल्याही जुन्या वस्तूच्या फटीत सापडते. खाणी बंद पडल्या, ट्रक गेले, धूळ राहिली.

बोटांनी मला विचारलं नाही. आधी डोकं दाबून आत ढकलायचं. मग छातीची झडप खाली, म्हणजे तिचं विमानाचं नाक होतं. हात मागे वळवून पोटाखाली. पाय जुळवून पावलं वर उचलायची, तीच शेपटी. पंख सगळ्यात शेवटी, आणि दोन्ही एकदम ओढायचे. एकच ओढला तर दुसरा आत अडकतो आणि मग जोर केला की खिट्टी तुटते. डाव्या पंखावर एक बारीक भेग होती, ती मला ओळखीची होती. विमान झालं.

"चालता," मी म्हटलं. "सांधे घट्ट आसत. ह्यो डावो पंख तेवढो सांभाळ."

"बरां झालां," सुदेश म्हणाला. "बाबांका रोज लागता तां."

काकांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या हाताकडे, आणि मान वळवली. मला वाटलं, झटक्यामुळे मान अशीच वळत असेल.

मला मुळगावला ठेवलं ते आई म्हापशाच्या इस्पितळात होती म्हणून. तिला काय झालं होतं ते मला कुणी सांगितलं नाही आणि आज सांगायला कुणी उरलेलं नाही. पपा वास्कोला बंदरात कामाला, तिथं खोलीवर राहायचे. पेडण्याचं घर बंद झालं. माझे कपडे एका पिशवीत भरून पपांनी मला मावशीच्या दारात आणलं तेव्हा काजूचे दिवस होते, आणि आमच्या पेडण्याच्या काजूबागेतला पिकल्या बोंडांचा आंबूस वास माझ्या केसांत होता. मावशीने पहिल्याच दिवशी डोक्यावरून न्हाऊ घातलं. वास गेला. रात्री मी केस नाकाशी धरून शोधत राहिले.

मुळगावला दुसरे वास होते. डिझेलचा, ओल्या मातीचा, तापलेल्या ताडपत्रीचा. काकांचे ट्रक खाणीवर चालायचे. सकाळी पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंगा वाजायच्या आधी ट्रकांचे मागचे फाळके आपटल्याचा आवाज यायचा. दुपारी खाणीत सुरुंग उडायचे. त्याच्या आधी क्षणभर कावळे गप्प व्हायचे, मग जमीन खालून हलायची आणि सोप्यावरच्या काचेच्या शोकेसमधले कप एकमेकांना लागून किणकिणायचे. मावशी हातातलं काम न थांबवता म्हणायची, "झालां." सुदेश आणि मी शोकेसला कान लावून बसायचो. तो माझ्याहून वर्षभराने मोठा. त्याला शेतात बेडूक कुठे बसतात ते माहीत होतं, तळ्याच्या काठावरची जांभळं कुठली गोड तेही माहीत होतं. बोलताना मधेच अडखळायचा, पण माझ्याशी बोलताना कमी. आम्ही दोघं शाळेतून येताना मुद्दाम शेताच्या मेरेवरून, चिखलाच्या बांधावरून यायचो आणि घरी पोचेपर्यंत दोघांचे पाय गुडघ्यापर्यंत तांबडे व्हायचे. मावशी विहिरीवर दोघांच्या पायांवर एकदमच पाणी ओतायची. चतुर्थीआधी आम्हाला माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या रानफळांच्या मंडपीचं, सामान आणायला डोंगरावर पाठवलं. कांगलां, आटकी, कवंडाळ. कवंडाळाच्या फळाला इतका सुंदर केशरी रंग आणि आतून इतकं कडू, यावर सुदेशचा विश्वास बसायचा नाही. दर वर्षी तो एकदा चाखून बघतो, असं मावशी सांगायची.

काका मारकुटे नव्हते. त्यांनी सुदेशवर कधी हात उगारलेला मी पाहिला नाही. त्यांना लोकांना हसवायला आवडायचं, आणि ते उत्तम हसवायचे. रविवारी संध्याकाळी ट्रकवाले, खाणीवरचे कारकून, शेजारचे, असे सगळे सोप्यावर जमायचे, आणि काकांचा आवाज कधी वर जायचा नाही. हळू, गोड, मध ओतल्यासारखा. "सुदेश बाबा, हांगा ये. मामांका सांग तुजां नाव." मग सुदेश 'सु' वर अडकायचा आणि काका हाताच्या बोटांनी ताल धरायचे. लोक हसायचे. काका सगळ्यात शेवटी हसायचे.

त्या पावसाळ्यात पपा एका रविवारी आले. अंगाला दोरखंडाचा आणि खाऱ्या पाण्याचा वास. बोटीवरच्या कुणा खलाशाकडून त्यांनी एक खेळणं घेतलं होतं. मी त्यांच्या मांडीला चिकटून बसले. त्यांनी खोका उघडला. तसलं काही आम्ही कुणीच पाहिलं नव्हतं. पपांची बोटं जाड, बंदरातल्या कामाने भेगाळलेली, पण त्यांनी डोकं आत ढकललं, झडप पाडली, हात वळवले, आणि सावकाश, मला दिसेल अशा बेताने, दोन्ही पंख ओढले. माणसाचं विमान झालं. मी हात पुढे केला.

पपांनी ते सुदेशच्या हातात दिलं.

"तुझ्यासाठी पुढच्या खेपेला हाडतंय," मला म्हणाले. काकांकडे बघून हसले. दुसऱ्याच्या घरी आपली पोर ठेवलेला माणूस जसा हसतो, तसं.

पुढच्या खेपेला त्यांनी काजूगर आणले, मावशीसाठी.

ते खेळणं सुदेशचं झालं, पण सुदेशला ते जमेना. त्याचे हात शेतातले होते, त्याला जोर माहीत होता, क्रम नाही. डोकं आत न ढकलता तो झडप पाडायचा आणि मग सगळं अडायचं. मला पहिल्याच दिवशी जमलं, कारण मी ते खेळणं पाहिलंच नव्हतं, मी पपांची बोटं पाहिली होती. दुपारी आम्ही माळ्यावर जाऊन ते करत बसायचो. मी त्याला शिकवायची. "आधी टकली," मी म्हणायची. तो हसायचा. त्याला त्याचं काही वाटत नव्हतं. त्याला माणूसच आवडायचा, विमान नाही. माणसाला तो तांदळाच्या पोत्यांवर उभा करायचा आणि त्याच्याशी बोलायचा, न अडखळता.

एकदा काका माळ्याच्या जिन्यावर उभे होते. किती वेळ ते ठाऊक नाही.

त्यानंतरच्या रविवारपासून खेळणं शोकेसमध्ये गेलं. किल्ली काकांच्या कडदोऱ्याला. माणसं जमली, चहा झाला की काका शोकेस उघडायचे. "सुदेश बाबा, विमान करून दाखव." सुदेश घ्यायचा, घामाने बोटं निसटायची, अडायचं. काका थांबायचे. सगळ्यांना थांबायला लावायचे. "घाय नाय आमका. तू कर." भिंतीवरचं घड्याळ ऐकू यायचं. मग म्हणायचे, "बरां. बाये, तू दाखय."

मी मुद्दाम चुकायला लागले तर काका म्हणायचे, "बाये, तुजो बापूस येवचो आसा मां ह्या आयतवारी? तेका सांगचां काय, पोर आयकना म्हणान?" तेही तसंच, गोड आवाजात. मग मी करून द्यायची. लोक वा म्हणायचे. काका सुदेशच्या डोक्यावरून हात फिरवायचे आणि लोकांना सांगायचे, "मागच्या जल्मात ह्यो हात खंयसर विसरून इलो."

मावशी आतल्या दाराशी उभी असायची. तिच्या हातातल्या कुलेरीवरून आमटी जमिनीवर ठिबकायची, तरी ती हलायची नाही.

मग चतुर्थी आली. माटोळी लागली, कांगलांचे घोस, सुपाऱ्यांचे कात्रे, नारळांचा घड, मधे ते केशरी कवंडाळ. नेवऱ्यांचा, म्हणजे करंज्यांचा, तुपकट वास घरभर. आरतीला मातीचं घुमट वाजलं तेव्हा सुदेश झांज वाजवत होता आणि त्याचा ताल एकदाही चुकला नाही. मला ते आठवतं. त्याचा चेहरा उजळला होता, आणि मी त्याच्याकडे बघून हसले होते. आरती संपली. घर पाहुण्यांनी भरलेलं, डिचोलीचे, साखळीचे, मावशीच्या माहेरचे. काकांनी कडदोऱ्याची किल्ली काढली.

"आज देवाच्या म्होऱ्यार करूया," ते म्हणाले. "दोगांय करतलीं. जेका जमता तो आमचो झिल."

झिल म्हणजे मुलगा. लोक हसले. सुदेशने ते घेतलं. आणि त्या दिवशी त्याने बरोबर केलं. डोकं आत गेलं, झडप पडली, हात वळले, पावलं उचलली. पंख तेवढे राहिले होते. सुदेशने वर पाहिलं, काकांकडे, फक्त एकदाच, आणि त्या बघण्यात त्याने एकच पंख ओढला. कडकन आवाज आला.

कुणी हसलं नाही. कदाचित तिथंच थांबलं असतं. पण काकांना शांतता आवडायची नाही, माणसांनी भरलेल्या घरात तर नाहीच.

"जावं दी," ते म्हणाले. त्यांनी ते खेळणं घेतलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. "बाये, आजपासून तू आमचो झिल. आणि तुजो फ्रॉक आता फुकट जातलो मगे?" मग आत बघून, "गो, ह्या बायचो फ्रॉक हाड."

मावशी हलली नाही. काकांच्या बहिणीने आणला. निळ्या फुलांचा, आईने इस्पितळात जायच्या आधी शिवलेला, खाली दोन बोटं जास्तीचं कापड दुमडून ठेवलेलं, मी उंच होईन म्हणून. काकांनी सुदेशच्या शर्टाची बटणं स्वतः सोडली. हळूच, ताप आलेल्या पोराची सोडतात तशी. फ्रॉक घातला. पाठीमागची नाडी बांधली, गाठीचं फूल करून. मग त्याच्या हातात नेवऱ्यांचं ताट दिलं.

"सगळ्यांक वाड चेडवा," काका म्हणाले. चेडू म्हणजे मुलगी. "कोणाक चुकव नको."

सुदेशने सगळ्यांना नेवऱ्या वाढल्या. एकेकासमोर वाकून. लोक इतके हसले की एका म्हाताऱ्याला ठसका लागला आणि सुदेश त्याच्यासाठी आत जाऊन पाणी घेऊन आला, त्याच फ्रॉकमध्ये. शेवटी माझ्यासमोर आला. मी नेवरी घेतली. त्याच्या डोळ्यांत पाणी नव्हतं. त्याच्या गुडघ्यांवर शेतातली तांबडी माती होती आणि वर आईने शिवलेली फुलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी न्हाणीत गेले तर मावशी पाणी तापवायच्या भांड्याखाली चुलीत फ्रॉक जाळत होती. कापड ओलसर होतं, नीट पेटत नव्हतं. फुंकणीने ती फुंकत राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुजो दोष नाय. पण तू हांगा रवलंस तर माजो पोर जगाचो नाय."

गणपती विसर्जन व्हायच्या आधी मला पेडण्याला परत पाठवलं. एका दूरच्या आजीकडे, आई येईपर्यंत. सुदेश निरोप द्यायला आला नाही. बसच्या खिडकीतून मला शेताच्या मेरेवर तो दिसला, किंवा दुसरा कुणीतरी असेल. खेळणं मावशीने माझ्या पिशवीतून काढून परत शोकेसमध्ये ठेवलं होतं. मला ते नकोच होतं.

आई परत आली, अर्धी होऊन. नवा फ्रॉक कुणी शिवला नाही. पपांनी वास्कोहून कधी कधी काहीबाही आणलं, पण ती पुढची खेप राहिलीच. मी शिकले, पेडण्याच्याच कचेरीत लागले. मुळगावचं कानावर यायचं. सुदेशने शाळा सोडली. ट्रकवर बसला. मग खाणी बंद, ट्रक विकले, आता त्याचा स्वतःचा छोटा टेम्पो. मावशी गेली तेव्हा मी गेले होते. सुदेशने मला चहा दिला आणि विचारलं, "बरी आसंस?" एकही अक्षर अडलं नाही. त्याची जीभ कधी सुटली, कुणी सोडवली, मला माहीत नाही. वडिलांशी तो फक्त 'व्हय' आणि 'नाय' एवढंच बोलतो, असं तेव्हा लोक सांगायचे.

आता बोलतो. गावात त्याचं नाव आहे. मी येताना डिचोलीच्या स्टँडवर मुळगावची एक बाई भेटली, ती म्हणाली, असा मुलगा कुणाच्या नशिबी यायचा नाही. स्वतः न्हाऊ घालतो, दाढी करतो, कुलेरीने भरवतो, कूस बदलतो. मी स्वतः पाहिलं. काकांच्या गळ्याशी पांढरा टुवाल स्वच्छ होता, नखं कापलेली. अंगाला साबणाचा आणि खोबरेल तेलाचा वास.

उन्हं कलली तशी माणसं येऊ लागली. शेजारचे दोघेतिघे, पूर्वी ट्रक चालवणारा एकजण, सुदेशच्या बायकोची भावजय. काकांची चौकशी करायला येतात, सुदेशची बायको, वैशालीवहिनी, म्हणाली. ती चहा ठेवायला आत गेली आणि तिथंच राहिली. सुदेशची मुलगी सान्वी शाळेच्या गणवेशातच आजोबांच्या पायाशी येऊन बसली, नेहमीची जागा असल्यासारखी.

सुदेशने माझ्या हातातून खेळणं घेतलं. विमानाचा परत माणूस केला. झरझर, न बघता. मग तो वडिलांसमोर उकिडवा बसला आणि त्यांचा वाकडा झालेला उजवा हात उघडून त्यात ते ठेवलं. एकेक बोट त्याच्याभोवती मिटवलं.

"डॉक्टरान सांगला बोटांक काम दी म्हणान," त्याने माझ्याकडे बघून सांगितलं. मग काकांकडे वळून, हळू, गोड आवाजात, "बाबा, विमान करून दाखवा."

तोच आवाज. पाठ टेकून बसलेली मी सरळ झाले.

काकांचा डावा हात आला, उजव्याला मदत करायला. सुदेशने तो हलकेच धरून बाजूला ठेवला. "तो नको. तो बरो आसा." काकांचा अंगठा डोक्यावर घसरत राहिला. तोंडाच्या कोपऱ्यातून लाळ आली, सुदेशने टुवालाने टिपली. "घाय नाय आमका," तो म्हणाला. सगळे थांबले. एक माणूस आपल्या चपलेकडे बघत होता. ट्रक चालवणारा तो हसत होता, थोडंसं, सवयीचं.

"आज्या, माका जमता," सान्वी म्हणाली. "तुमका कित्याक जमना?"

तिने ते तालात म्हटलं, रोज म्हणायच्या कवितेसारखं. सुदेशने तिच्या केसांवरून हात फिरवला.

काकांच्या घशातून काहीतरी आलं, शब्द नव्हता. त्यांचे डोळे माझ्यावर होते. मी त्यांच्यावर दया करायला आले नव्हते. बसमध्ये येताना मी मनाशी कबूल केलं होतं की हा माणूस असा पडलेला बघून मला बरं वाटेल. आणि वाटलंही होतं, अगदी आत्तापर्यंत.

"सुदेश, बस झालां," मी म्हटलं.

त्याने वर पाहिलं. रागावला नाही. "तूच कर मगे," तो म्हणाला. "दाखय तेंका. तुजे हात बघूक आवडतत तेंका."

त्याने काकांच्या मुठीतून खेळणं सोडवून माझ्याकडे दिलं. गरम होतं, ओलं होतं. मी डोकं आत ढकललं. झडप, हात, पावलं. मग मी डावा पंख धरला, एकटाच, आणि ओढला. अडला. मी ओढत राहिले. जुनं प्लास्टिक जास्त आवाज न करता तुटलं आणि आतली स्प्रिंग कुठेतरी उडाली. मी उजवाही तसाच काढला. तीन तुकडे झाले ते शेजारच्या स्टुलावर ठेवले.

"मोडलां," मी म्हटलं. "आता जावचां नाय."

सान्वी तुकड्यांकडे बघत राहिली. पाहुणे उठायला लागले. आत वैशालीवहिनीच्या हातातल्या कपबशा वाजल्या. सुदेशने तुकडे हातात घेऊन नीट तपासले, सांधे पाहिले, तुटलेल्या कडेवरून बोट फिरवलं.

"बरां," तो म्हणाला. "जुनांच झाला होता."

मग त्याने खिशातून फोन काढला आणि काकांच्या खुर्चीशेजारी आपली खुर्ची ओढून घेतली, खांद्याला खांदा लागेल अशी. बोटाने वर सरकवत राहिला. फोनचा उजेड दोघांच्या तोंडावर पडला होता. बापलेकाची नाकं किती सारखी आहेत ते मला तोवर दिसलं नव्हतं.

"ह्यां बघा बाबा. असलांच, पण थोडां बारीक. हेका सांदे जास्त आसत." त्याने फोन काकांच्या तोंडासमोर धरला, त्यांना नीट दिसेल इतका जवळ, आणि वाट पाहिली. "दोन दिसांत येता. रंग तुमी सांगा."

काकांनी एकेक रंग पाहिला. मग त्यांनी डावा हात उचलला आणि निळ्यावर बोट ठेवलं.